बॅटरीत वीज साठवलेली नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींचे चार्जिंग आवारात करू द्यावे की नाही, हा प्रश्न सध्या मुंबईतील अनेक गृहनिर्माण संस्थांच्या सभांपुढे येत आहे. आमच्या परिसरातील एका संस्थेने आवारात कोणतीही बॅटरी चार्ज करण्यास सरसकट बंदी घातली आहे. तिच्या शेजारच्या संस्थेत मात्र जिन्याखाली, मीटरच्या खोलीला लागून, एकाच पातळ वायरीवर स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावलेल्या असतात आणि त्याला कोणाची हरकत नाही. या दोन्ही निर्णयांच्या मुळाशी बॅटरी म्हणजे काय याविषयीचा एकच गैरसमज आहे, असे मला वाटते. दूरध्वनी केंद्रांच्या वीजपुरवठा विभागात नोकरी झाल्यामुळे माझ्या उमेदीची वर्षे बॅटरीच्या खोल्यांमध्ये गेली. त्या अनुभवाच्या आधारे या विषयावर थोडे सविस्तर लिहू इच्छितो.

गैरसमज असा की, गच्चीवरच्या टाकीत पाणी भरून ठेवावे तशी बॅटरीत वीज भरून ठेवलेली असते. ही उपमा समजायला सोपी आहे, परंतु नेमक्या महत्त्वाच्या जागी ती फसवते, कारण पाणी संपल्यावरही टाकी होती तशीच राहते, तर बॅटरीतून वीज घेताना प्रत्येक वेळी आतला पदार्थच बदलत जातो. बॅटरीत असतात ते परस्परांशी रासायनिक क्रिया करू पाहणारे दोन पदार्थ, आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. त्यांची थेट गाठ पडू न देता इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेने आणि आयनांना (विद्युतभार असलेल्या अणूंना) आतल्या विद्युत अपघटनीतून (आयनांना वाट देणाऱ्या द्रवातून), अशा दोन निराळ्या वाटांनी जायला भाग पाडायचे, हे विद्युत घटाचे सारे तत्त्व आहे. बॅटरीची निगा, तिचे आयुष्य आणि तिचा धोका या तिन्ही गोष्टी याच एका विधानातून समजतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवली की थोड्याच वेळात तिच्यावर तांब्याचा थर बसतो, द्रावणाचा रंग फिका पडतो आणि भांडे किंचित गरम लागते. जस्ताच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले, तांब्याच्या आयनाने ते घेतले, आणि हा व्यवहार जागच्या जागी झाल्यामुळे मोकळी झालेली ऊर्जा उष्णता होऊन निघून गेली. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ साली हीच क्रिया दोन कप्प्यांत विभागली: तांबे मोरचुदाच्या द्रावणात, जस्त वेगळ्या द्रावणात, आणि मध्ये आयनांना वाट देणारा सच्छिद्र पडदा. आता जस्ताचे इलेक्ट्रॉन तांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी तारेतूनच जाऊ शकत होते आणि त्या तारेवर सुमारे १.१ व्होल्टचा दाब मिळत होता. क्रिया तीच आणि पदार्थही तेच, परंतु एका मांडणीत केवळ उष्णता मिळते आणि दुसरीत वीज. मधला पडदा फाटला तर दुसऱ्या मांडणीची पुन्हा पहिली होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे आगीचा विषय येईल तेव्हा त्याचे महत्त्व कळेल.

याआधी १८०० साली इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी जस्त व चांदीच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचून जगातली पहिली घटमाला तयार केली होती. विजेचा उगम दोन धातूंच्या नुसत्या स्पर्शात आहे, असे खुद्द व्होल्टा यांचे मत होते. किती पदार्थ खर्ची पडला की किती वीज मिळते, याचा पक्का हिशेब मायकेल फॅरेडे यांनी १८३०च्या दशकात मांडला आणि तोच आजही प्रत्येक बॅटरीला लागू आहे. या हिशेबाने एक ग्रॅम शिशापासून सुमारे ०.२६ अँपिअर-तास, एक ग्रॅम जस्तापासून ०.८२ अँपिअर-तास, तर एक ग्रॅम लिथियमपासून ३.८६ अँपिअर-तास विद्युतभार मिळू शकतो. शिशाची बॅटरी उचलायला दोन माणसे का लागतात आणि लिथियमची बॅटरी एकटा माणूस जिना चढून घरी कशी नेतो, याचे मूळ या आकड्यांत आहे.

शिशाच्या बॅटरीविषयी मला विशेष आपुलकी आहे, आणि ती आता मागे पडली असे मानणाऱ्यांनी एखाद्या रुग्णालयाची किंवा दूरध्वनी केंद्राची वीज-खोली पाहावी. गॅस्टन प्लांते यांनी १८५९ साली ती शोधली. तिच्या ऋण अग्रावर (इलेक्ट्रोडवर) शुद्ध शिसे आणि धन अग्रावर शिशाचा डायऑक्साइड असतो, आणि दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडलेले असतात. वीज घेताना दोन्ही अग्रांवर शिशाचे सल्फेट बसते, आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. चार्ज करताना हे सर्व उलटे घडते. आम्ल स्वतःच क्रियेत भाग घेत असल्याने द्रवाच्या विशिष्ट गुरुत्वावरून (पाण्याच्या तुलनेतील घनतेवरून) बॅटरीची स्थिती ओळखता येते: मोटारीच्या पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ते १.२८च्या आसपास असते, तर पूर्ण उतरलेल्या बॅटरीत १.१२पर्यंत खाली येते. एका घटाचे सुमारे दोन व्होल्ट. मोटारीत असे सहा घट मिळून १२ व्होल्ट होतात आणि दूरध्वनी केंद्रात चोवीस घट मिळून ४८. त्या खोल्यांतील आमची दिनचर्या हायड्रोमीटरने प्रत्येक घट तपासणे, डिस्टिल्ड वॉटरची पातळी राखणे आणि नोंदवहीत आकडे लिहिणे ही होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित होऊन लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस अनेकांना आठवत असेल. अशा वेळी डिझेल जनित्र सुरू होऊन स्थिर होईपर्यंत संपूर्ण भार या बॅटऱ्याच पेलतात.

या बॅटरीचे दोन दोष घरात इन्व्हर्टर असणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावेत. उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली तर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठे आणि कठीण स्फटिक होतात. ते चार्ज करूनही पुन्हा विरघळत नाहीत आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. गावी जाताना महिनाभर बंद ठेवलेली बॅटरी परतल्यावर साथ देत नाही, ती बहुधा यामुळेच. याउलट गरजेपेक्षा जास्त चार्ज केली तर आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, आणि हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आमच्या बॅटरी खोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा सदैव चालू असे आणि काडीपेटी आत नेण्यास सक्त मनाई होती. बंद कपाटात इन्व्हर्टरची बॅटरी ठेवणाऱ्या कुटुंबांना मी कळकळीने सांगतो की, ती हवेशीर जागी हलवावी. उष्णताही तिला मानवत नाही; तापमान दर १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

आता ज्या बॅटरीवरून सभांमध्ये वाद होतो तिच्याकडे वळतो. लिथियम-आयन घटात ऋण अग्र ग्रॅफाइटचे असते आणि त्याच्या थरांमध्ये लिथियम सामावलेले असते. धन अग्र कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांच्या ऑक्साइडचे किंवा लोहाच्या फॉस्फेटचे असते. वीज घेताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमधून निघून धन अग्राच्या स्फटिकात शिरतात आणि चार्ज करताना परत येतात. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७०च्या दशकात पाया घातला, जॉन गुडइनफ यांनी १९८० साली कोबाल्ट ऑक्साइडचे धन अग्र दिले, अकिरा योशिनो यांनी १९८५ साली धातुरूप लिथियम टाळून सुरक्षित घट बनवला, १९९१ साली तो बाजारात आला आणि २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या घटाचा दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो, म्हणजे शिशाच्या घटाच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्या दाबाला पाणी टिकत नाही, त्याचे विघटन होते. म्हणून विद्युत अपघटनी पाण्याऐवजी कार्बोनेट वर्गातील सेंद्रिय द्रवात करावी लागते, आणि हे द्रव ज्वालाग्राही असतात. ज्या गुणामुळे ही बॅटरी हलकी आणि समर्थ झाली, त्याच गुणाने तिच्या पोटात जळणारा द्रव आणला. ऋण आणि धन अग्रांच्या मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि त्याची जाडी साधारण १० ते २५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. जस्त आणि मोरचूद यांच्यामधल्या पडद्याचे जे काम, तेच याचे आहे.

हा पडदा निकामी होण्याची कारणे ठरावीक आहेत. बॅटरी आपटून चेपली जाते. उत्पादनात धातूचा सूक्ष्म कण आत राहून जातो. अतिजलद किंवा मर्यादेपलीकडे चार्ज केल्याने लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक पडद्याच्या दिशेने वाढतात. किंवा बाहेरून उष्णता मिळते. सुमारे ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ग्रॅफाइटवरचा संरक्षक पापुद्रा मोडू लागतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडते; १३० अंशांच्या आसपास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो; त्यापुढे धन अग्राचे ऑक्साइड मोडून स्वतःच ऑक्सिजन सोडू लागते. इथून पुढे प्रत्येक क्रियेची उष्णता पुढच्या क्रियेला चेतवत जाते आणि एका घटाची आग शेजारच्या घटांत शिरते. ऑक्सिजन आतूनच मिळत असल्याने हवा कोंडून ही आग विझत नाही. कोरड्या पावडरीने ज्वाळा दबल्या तरी घट तापलेलेच राहतात आणि काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकतात. भरपूर पाणी ओतून थंड करणे हाच परिणामकारक उपाय आहे. या आगीतून निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, त्यामुळे रहिवाशांनी शौर्य न दाखवता बाहेर पडून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

मात्र सर्व लिथियम बॅटऱ्या सारख्या नसतात. लोह-फॉस्फेटच्या घटात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो आणि तो सहजासहजी सुटत नाही, म्हणून हे घट बरेच अधिक तापमान सहन करतात. त्यांचा दाब ३.२ व्होल्ट असल्याने तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मिळते, ही त्याची किंमत. अनेक विद्युत बसमध्ये हा प्रकार वापरला जातो. आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की, 'बॅटरीचा स्फोट' अशी बातमी देताना बॅटरी कोणत्या रसायनाची होती, ती त्या वेळी चार्ज होत होती का, चार्जर मूळ होता की बाजारातून घेतलेला, आणि आग बॅटरीतून लागली की वायरिंगमधून, एवढे चार प्रश्न अग्निशमन दलाला विचारून उत्तरे छापावीत. २०२२ साली देशात विजेच्या स्कूटरना लागलेल्या आगींनंतर केंद्राने एआयएस-१५६ या मानकात सुधारणा करून घट, बॅटरी नियंत्रण यंत्रणा आणि चार्जर यांच्या कसोट्या कडक केल्या. त्या कसोट्यांना उतरलेली बॅटरी आणि कुठल्याशा गाळ्यात जुने घट जोडून बनवलेली बॅटरी एकाच शब्दाने ओळखली जाते, तोवर लोकांना योग्य भीती कशाची बाळगावी हे कळणार नाही.

संस्थांच्या ठरावांविषयी माझे मत स्पष्ट आहे. सरसकट बंदी घातली की चार्जिंग थांबत नाही. ते घराघरांत, दारामागे आणि पलंगाशेजारी सुरू होते, आणि ते अधिक घातक आहे. उचलून नेण्याजोगी बॅटरी सदनिकेच्या मुख्य दाराजवळ चार्ज करणे सर्वांत वाईट, कारण आग लागलीच तर बाहेर पडायची एकमेव वाट तिथेच अडते. त्याऐवजी संस्थेने आवारातील मोकळी, वरून पाऊस न लागणारी, जिना व मीटरची खोली यांपासून दूर असलेली जागा ठरवावी. तिथे स्वतंत्र आणि पुरेशा जाडीची वायर, प्रत्येक प्लगला स्वतंत्र एमसीबी (भार वाढताच आपोआप बंद होणारा स्विच) आणि गळतीरोधक स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. स्कूटरचा चार्जर सहसा फार विद्युतधारा ओढत नाही, पण चार-पाच चार्जर एकाच एक्स्टेन्शनवर तासन्‌तास चालले की सैल जोडाशी उष्णता साचत जाते आणि तिथे बॅटरीचा काही दोष नसतानाही आग लागते. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा, कारण निकेल-कोबाल्टच्या घटाला ४.२ व्होल्टवर आणि लोह-फॉस्फेटच्या घटाला ३.६५ व्होल्टवर थांबावे लागते. एकाचा चार्जर दुसऱ्याला जोडल्यास मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लांबच्या फेरीवरून आलेली तापलेली बॅटरी थोडी निवू द्यावी, हे विशेषतः दिवसभर सामान पोहोचवणाऱ्या मुलांना कोणीतरी आपुलकीने सांगायला हवे. त्यांचा रोजगार या बॅटरीवर आहे आणि त्यांना घाईही सर्वांत जास्त असते.

मुंबईच्या पावसाळ्याचा यात वेगळा विचार हवा. हिंदमाता किंवा गांधी मार्केटसारख्या सखल भागात पाणी साचते, आणि भरतीच्या वेळी खाडीलगतच्या वस्त्यांत येणारे पाणी खारटही असते. खारे पाणी वीज वाहून नेते. ते बॅटरीच्या पेटीत शिरले तर अग्रांदरम्यान विद्युत अपघटन सुरू होते, जोड गंजतात, आणि दोष त्याच दिवशी न दिसता काही दिवसांनी उद्भवू शकतो. म्हणून पाण्यात बुडालेली गाडी वरून कोरडी दिसली तरी चार्जिंगला लावू नये. ती इमारतीपासून दूर मोकळ्या जागी ठेवून अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी.

याच सभांमध्ये 'आता हायड्रोजनच्या गाड्या येणार आहेत, त्या पाण्यावर चालतात, मग बॅटरीसाठी खर्च कशाला' असे विधानही ऐकू येते. त्या गाड्या पाण्यावर चालत नाहीत. पाणी त्यांच्या मागच्या नळीतून बाहेर पडते. इंधन घटाचे तत्त्व बॅटरीचेच आहे, फक्त संयोग पावणारे दोन पदार्थ घटाच्या आत कोंडलेले नसून बाहेरून पुरवले जातात: एकीकडून टाकीतला हायड्रोजन, दुसरीकडून हवेतला ऑक्सिजन. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात, प्रोटॉन पातळ पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेतून फिरून येतात आणि दोघे ऑक्सिजनला मिळून पाणी होते. एका घटाचा सैद्धांतिक दाब १.२३ व्होल्ट असला तरी भार घेताना ०.६ ते ०.७ व्होल्टच मिळतात, म्हणून शेकडो घट एकत्र रचावे लागतात. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ साली याचा आरंभ केला, १९६५ साली जेमिनी ५ या अवकाशयानाने त्याची वीज वापरली, अपोलो मोहिमांत त्यातून मिळालेले पाणी अंतराळवीर पीत असत, आणि आपल्या इस्रोने जानेवारी २०२४मध्ये पीएसएलव्ही-सी५८ मोहिमेत १०० वॅट वर्गाचा इंधन घट अवकाशात चालवून दाखवला. या कामगिरीचा मला मनापासून अभिमान आहे.

तरीही शहरातील वाहनांसाठी हिशेब मांडावाच लागतो. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. पाण्याचे विघटन करून तो मिळवण्यासाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते, टाकीत दाबून भरायला आणखी लागते, आणि इंधन घट त्यातून साधारण निम्मी ऊर्जाच विजेच्या रूपात परत देतो. म्हणजे तारेतून घेतलेल्या शंभर युनिटांपैकी जेमतेम तीस गाडीच्या मोटरपर्यंत पोहोचतात, तर चांगली लिथियम बॅटरी शंभरातली ८५ ते ९० परत करते. जिथे रात्री आगारात उभी राहून चार्ज होणारी बस पुरते, तिथे हायड्रोजनचा आग्रह मला पटत नाही. केंद्राने जानेवारी २०२३मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली, ते स्वागतार्हच आहे. परंतु आपल्या ट्रॉम्बेच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी अमोनियासाठी आजही नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढला जातो. स्वच्छ हायड्रोजन मिळू लागेल तेव्हा त्याच्यावर पहिला हक्क अशा उद्योगांचा असावा, कारण त्यांना बॅटरीचा पर्यायच नाही.

शेवटी जुन्या बॅटऱ्यांविषयी. बॅटरी 'संपली' तरी आतले पदार्थ संपलेले नसतात आणि दोन अग्रांत दाबही शिल्लक असतो. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली मोबाइलची बॅटरी म्हणूनच पेट घेते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. संस्थांनी ओल्या व सुक्या कचऱ्याच्या डब्यांपासून दूर, सावलीच्या जागी बॅटऱ्यांसाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवावा, त्यात टाकण्यापूर्वी प्रत्येक बॅटरीच्या दोन्ही अग्रांवर चिकटपट्टी लावावी, फुगलेली बॅटरी मात्र त्यात न टाकता सुट्या वाळूच्या बादलीत ठेवावी आणि दर महिन्याला हा साठा अधिकृत संकलकाकडे द्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त दूरध्वनी अभियंता
मुलुंड (पूर्व), मुंबई